सोळाव्या वर्षी पुन्हा शाळा: भाचीला कोणत्या वाटेने पाठवावे?

साखळीची मावशी

नमस्कार. माझ्या भाचीविषयी सल्ला हवा आहे. थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितले की सल्लाही अर्धवटच मिळतो, हा अनुभव मी गेल्या दोन महिन्यांत पुष्कळ घेतला आहे.

भाची सोळा वर्षांची आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात माझी थोरली बहीण, तिचे यजमान, ही मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ असे चौघांचे कुटुंब. भावोजींनी खाणीवरच्या वाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रक घेतला होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. दारात उभा राहून गंजलेला ट्रक शेवटी भंगाराच्या भावात गेला. भावोजी आधीही प्यायचे. सगळा दोष खाणबंदीवर टाकणे मला पटत नाही, कारण त्याच वाड्यावर आणखी सहा जणांचे ट्रक उभे राहिले होते आणि त्यांतले चौघे आज दुसरे काही ना काही काम करून घर चालवत आहेत. परंतु पूर्वी शनिवार-रविवारपुरते असलेले पिणे त्यानंतर सकाळी उठल्याबरोबर सुरू होऊ लागले, हेही तितकेच खरे. काजूच्या हंगामात हुर्राक, एरवी फेणी, आणि तीही नसेल तर हाताला लागेल ते.

बहीण पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. ती पहाटे बाहेर पडली की भावाला उठवणे, डबा करणे, वडिलांनी काही खाल्ले की नाही ते पाहणे आणि गॅसचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवून ठेवणे ही सगळी कामे भाचीची. नववीत असताना तिचे आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेत खाडे होऊ लागले, आणि वार्षिक परीक्षेला ती बसलीच नाही. तेव्हा ती साडेचौदा वर्षांची होती. त्यानंतर दीड वर्ष तिने वाळपईच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम केले.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, एका रात्री जे घडले ते मी येथे लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याकडे घेऊन आले. पहिले काही दिवस संध्याकाळी सातच्या सुमारास ती हातातले काम थांबवून नुसतीच बसायची. एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा स्कूटर डबल स्टँडवर लावतात त्या दिवशी ठीक असतात. साइड स्टँडचा आवाज आला की मी भावाला घेऊन मागल्या दारी जाते." आमच्या घरी स्कूटर नाही. माझे यजमान बसने ये-जा करतात. तरीही सात वाजले की मुलगी थांबते.

महिन्याभरापूर्वी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "मावशी, मला दहावी करायची आहे." मला फार आनंद झाला, आणि लगोलग भीतीही वाटली, कारण पुढे काय करावे ते मला कळत नाही. नववीत नाव घातले तर तिला चौदा वर्षांच्या मुलांबरोबर बसावे लागेल, आणि त्याच वर्गात माझी धाकटी मुलगीही आहे. त्याला भाची तयार नाही. मुक्त विद्यालयाचे ऐकले आहे, पण त्या दाखल्याला किंमत असते का? दुसरी गोष्ट अशी की माझी बहीण रोज फोनवर सांगते, "आधी त्यांची दारू सुटू दे, मग शाळेचे बघू. ते सोडतो म्हणाले आहेत." हे ऐकले की मुलगी कपड्यांची पिशवी भरायला लागते. मी तिला थांबवावे का? थांबवण्याचा मला अधिकार आहे का?

निवृत्त शिक्षक, डिचोली

ताई, आपण विचारलेल्या पहिल्या गोष्टीचे उत्तर मी देऊ शकतो. दुसऱ्या गोष्टीवर माझ्यापेक्षा जाणकार माणसे येथे आहेत, ती लिहितीलच.

आपल्या मनात कदाचित आले असेल की मुलगी शाळेत येईनाशी झाली तेव्हा कोणी चौकशीला का आले नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा या वयाची हमी देतो. चौदा पूर्ण झालेले मूल गळले की त्या कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही. आपली भाची नेमकी त्या रेषेपलीकडे सहा महिने गेली होती. म्हणून यात तिचा काही गुन्हा नाही आणि तिला पुन्हा आणण्याची खटपटही घरच्यांनाच करावी लागणार आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही १९८९ साली केंद्र सरकारने स्थापन केलेली संस्था आहे आणि तिची दहावी ही कोणत्याही मंडळाच्या दहावीइतकीच मान्य आहे. माध्यमिक परीक्षेसाठी वय चौदा पूर्ण हवे. नववी उत्तीर्ण असण्याची अट नाही. मराठी माध्यम घेता येते. पाच विषय पुरेसे असतात. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि एका वेळी दोनच विषय देऊन ते सुटले तर त्यांचे गुण जमा राहतात, पुन्हा द्यावे लागत नाहीत. ज्या मुलीच्या घरी पुढच्या महिन्यात काय होईल याचा भरवसा नाही, तिला ही सवलत फार उपयोगाची आहे. सर्व विषय एका झटक्यात देण्याचा आग्रह कृपा करून धरू नका.

एक सावधगिरी मात्र सांगतो. तेथे गणित सक्तीचे नसल्यामुळे पुष्कळ पालक सोपे विषय निवडतात आणि दहावी झाल्यावर तंत्रनिकेतनाच्या किंवा विज्ञान शाखेच्या दारात अडतात. तिला पुढे काय व्हायचे आहे हे आज ठरले नसेल तर गणित आणि विज्ञान ठेवा. जड गेले तर ते विषय शेवटी द्या, पण सोडू नका. कागदपत्रांपैकी शाळा सोडल्याचा दाखला, आठवीचे गुणपत्रक आणि जन्मदाखला आताच हाताशी घ्या. दाखला आणायला मुलीला एकटीला पाठवू नका. कचेरीत उभे राहून "का सोडली होती?" या प्रश्नाचे उत्तर तिला चारचौघांत द्यावे लागेल.

माझ्या नोकरीच्या काळात नववीच्या वर्गात एक मुलगा रोज तिसऱ्या तासाला झोपायचा. मी त्याला वर्षभर मागच्या बाकावर उभा केला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो आपल्या वडिलांना तावेर्नातून, म्हणजे दारूच्या गुत्त्यातून, घरी आणण्यासाठी रस्त्यावर उभा असायचा, हे मला तो शाळा सोडून गेल्यावर त्याच्या आजीकडून कळले. मी त्याला कधी एका शब्दाने विचारले नव्हते. हे लिहिताना आजही मान खाली जाते. म्हणून सांगतो की भाची जेथे जाईल तेथील एका तरी शिक्षकाला घरची परिस्थिती माहीत असू द्या. सर्वांना सांगायची गरज नाही, एकाला सांगितले तरी पुरे.

शिकवणीवाली, म्हापसा

गुरुजींनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. मुक्त विद्यालयातून दहावी करणाऱ्या पाच-सहा मुली माझ्याकडे शिकून गेल्या. त्यांतल्या दोघींचे पुढे काही झाले नाही, आणि त्याचे कारण अभ्यास अवघड होता हे नव्हते. शाळेत जायचे नाही म्हणजे मुलगी घरीच आहे, आणि घरी आहे म्हणजे भांडी तिची, म्हाताऱ्या माणसांचे औषध तिचे, दुपारी येणाऱ्या गॅसवाल्याला दार उघडणेही तिचेच. मुलगा घरी बसून अभ्यास करत असता तर त्याला कोणी हाक मारली नसती. नियमित शाळेचा गणवेश अंगावर असतो तेव्हा निदान सकाळी आठ ते दुपारी दीड या वेळेत त्या मुलीला कोणी काम सांगू शकत नाही.

तेव्हा मुक्त विद्यालय निवडायचेच असेल तर तिला घराबाहेर बसण्याची एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ द्या. ताई, राग मानू नका, पण आपल्या पत्रातही ती भांडीच पुसत होती.

वायरमन, कुंडई

मी सत्तावीस वर्षांचा आहे. कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्यात वायरमन म्हणून नोकरी करतो. पंधराव्या वर्षी शाळा सोडून दोन वर्षे गॅरेजमध्ये काम केले. कारण आपल्या भाचीचे आहे तेच.

आठवी उत्तीर्ण असल्यास आयटीआयमध्ये काही ट्रेडना प्रवेश मिळतो. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम ही त्यांतली काही. वायरमनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मी तो केला आणि नंतर नोकरी करता करता मुक्त विद्यालयातून दहावी दिली. डिचोलीला आणि सत्तरीत होंड्याला सरकारी आयटीआय आहेत, हे आपल्याला ठाऊकच असेल. मुलींनी हे ट्रेड घेऊ नयेत असे काही नाही. माझ्या तुकडीत दोन मुली होत्या आणि वळणदार, नीटनेटके वायरिंग कोणाचे ते मास्तर त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत. पण भाचीला दहावीच करायची असेल तर आधी दहावी करू द्या. माझ्यासारखी उलटी वाट सगळ्यांनी घेण्याची गरज नाही.

जे कोणी सांगत नाही ते सांगतो. पुन्हा अभ्यासाला बसल्यावर मला धडे समजत होते, पण हात चालत नव्हता. दोन वर्षे पान्हा धरलेल्या हाताने पेन धरले की अर्ध्या पानात बोटे आखडायची. पहिल्या सराव परीक्षेत तीन तासांत माझे दोन प्रश्न राहिले, उत्तरे येत असूनही. घरी येऊन मी ठरवले की आपण मठ्ठ झालो आहोत. शेजारच्या एका बाईंनी, त्या पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, मला रोज एक पान घड्याळ लावून उतरवून काढायला सांगितले. वर्तमानपत्र, आरत्या, काहीही चालेल, पण रोज एक पान, आणि खाली किती मिनिटे लागली ते लिहायचे. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटे लागली. तीन महिन्यांनी अकरा. भाचीला आजपासून हे करायला सांगा. पुस्तके येण्याची वाट पाहू नका.

घरी अभ्यास होत नसे म्हणून मी देवळाच्या सभामंडपात बसायचो. पुजारीकाकांनी माझ्यासाठी रात्री दहापर्यंत एक दिवा चालू ठेवायला सुरुवात केली, कधी एका शब्दाने विचारले नाही. भजनाच्या दिवशी मी टाळ वाजवायचो आणि भजन संपले की पुन्हा पुस्तक उघडायचो.

आता मुख्य गोष्ट. ताई, ती पिशवी भरते ती वडिलांसाठी भरत नाही. भावासाठी भरते. साइड स्टँडचा आवाज आला की त्याला मागल्या दारी कोण नेते आता? हा प्रश्न तिच्या डोक्यात रोज सात वाजता येतो, म्हणून ती थांबते. माझी धाकटी बहीण होती, म्हणून मला कळते. गॅरेजचे काम सोडून आयटीआयला गेलो तेव्हा पगार बंद झाला याचे मला जेवढे वाटले नाही, तेवढे दुपारी तिला घरी एकटी टाकून जाण्याचे वाटले. शेवटी शेजारणीकडे तिची सोय झाली तेव्हा कुठे माझे वर्गात लक्ष लागले. आठ वर्षांच्या त्या मुलाची सोय आधी लावा. ती लागेपर्यंत भाचीला कितीही समजावले तरी ती अर्धी घरीच असेल.

माझ्या वडिलांनी दारू सोडली नाही. अजूनही पितात. त्यांनी सोडावी म्हणून थांबलो असतो तर आजही गॅरेजमध्येच असतो.

फोंड्याहून एक गृहिणी

माझ्या यजमानांना दारू सोडून नऊ वर्षे झाली. त्याआधीची चौदा वर्षे मी जे जे चुकले त्यांतले थोडे लिहिते, कारण आपल्या बहिणीचे वाक्य मी वाचले आणि ते माझेच वाक्य आहे असे वाटले.

"आधी त्यांची सुटू दे" असे मी मुलीला सहा वर्षे सांगत होते. सहलीला जायचे तेव्हा, क्लास लावायचा तेव्हा, दहावीच्या वेळी तर रोजच. त्या वाक्याचा अर्थ मुलीने काय लावला ते मला ती मोठी झाल्यावर कळले. ती म्हणाली, "आई, मला वाटायचे की मी नीट वागले की बाबा सोडतील, आणि ते सोडत नाहीत म्हणजे मी नीट वागत नाही." कोणत्याही लेकराच्या खांद्यावर एवढे ओझे टाकायचा आईलाही अधिकार नाही. वडिलांचा आजार ही एक गोष्ट आणि मुलीची शाळा ही दुसरी गोष्ट. दोन्हींची कामे एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी करायची आहेत. शाळेला दारूच्या मागे रांगेत उभी करू नका.

भावोजींविषयी. सकाळी उठल्यावर प्यावेच लागत असेल तर त्यांचे शरीर दारूवर अवलंबून झालेले आहे, आणि अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, नसलेली माणसे-जनावरे त्याला दिसू लागतात. त्यात जीवही जातो. माझ्या यजमानांना तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि आम्ही घरचे देवाला नारळ ठेवत बसलो होतो. शेवटी दिराने रिक्षा आणली. म्हणून "सोडतो" म्हणणाऱ्या माणसाला "बरे झाले" म्हणून घरी बसवू नका, डॉक्टरकडे न्या. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत यावर उपचार होतात. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रातूनही चिठ्ठी मिळेल.

चहातून नकळत द्यायच्या गोळ्यांच्या जाहिराती येतात, त्या कोणी सुचवल्या तर ऐकू नका. त्यांतल्या काही गोळ्या अशा असतात की पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जातो, छाती धडधडते, आणि प्रसंग जिवावर बेततो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याला सांगूनच द्यायच्या असतात.

आपल्या गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला होता, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलून त्यांच्यात चांगला फरक पाडला. तो अभ्यास आपल्या भावोजींसारख्या पूर्ण अवलंबून झालेल्यांसाठी नव्हता, हे लक्षात ठेवा. पण वाड्यावरचा जो दुसरा कोणी आज फक्त शनिवारचा पितो, त्याच्यासाठी बोलण्यानेही काम होते, हे मला त्यातून कळले, आणि तेव्हापासून मी गप्प बसत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गोव्यात होतात. तेथे फी नसते, नाव-गाव कोणी विचारत नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना धरून हे काम सुरू केले. घरच्या माणसांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन आणि त्यानंतर किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन सुरू झाले. यजमान सभेला जायला तयार होण्याआधी दोन वर्षे मी स्वतः जात होते. मी तेथे काय शिकले, तर यजमानांची दारू मी लावलेली नाही आणि ती माझ्याने सुटणार नाही. आपल्या बहिणीला एकदा तरी कोणाबरोबर पाठवा.

अधिकाराचे विचारलेत. मुलीला मारहाणीची भीती असेल तर तिला सुरक्षित ठेवायला तुम्हाला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, पण बहिणीची संमती स्पष्ट शब्दांत घ्या, शक्य तर लिहून. कोणी जबरदस्तीने न्यायला आले तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि बालकल्याण समिती अशाच प्रकरणांसाठी असते. बहिणीला स्वतःला त्रास असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. नुसते बोलायला कोणी हवे असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन घेतात. मुलीलाही तो क्रमांक द्या. तिला मावशीशी जे बोलता येणार नाही ते तेथे बोलता येईल.

बहिणीला गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळत असतील तर ते तिच्याच खात्यात येतात ना, आणि कार्ड कोणाकडे असते, तेवढे पाहा. आमच्याकडे ते यजमानांच्या पाकिटात असायचे.

साखळीची मावशी

सर्वांचे उत्तर वाचले, काही दोन-तीनदा वाचले, आणि सहा आठवड्यांनी लिहीत आहे.

शिकवणीवाल्या ताईंचे शेवटचे वाक्य मला लागले, आणि लागायलाच हवे होते. आमच्याकडे आता भांडी वाटून घेतली आहेत. माझ्या यजमानांचाही त्यात वाटा आहे. भाची सकाळी नऊ ते एक येथील वाचनालयात बसते. ग्रंथपालांना मी स्वतः भेटून सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले होते तसे एकाच माणसाला. त्यांनी खिडकीजवळचे टेबल तिच्यासाठी ठेवले आहे.

मुक्त विद्यालयात मराठी माध्यमातून नोंदणी केली. गणित ठेवायचे की नाही यावर मी कचरत होते, तेव्हा तिने पिशवीतून दुकानाची जुनी उधारीची वही काढून दाखवली. मालकांनी निघताना आठवण म्हणून दिली होती. दीड वर्षाचा हिशेब, गिऱ्हाईकवार, मीटरचा भाव, सूट, बाकी, आणि कोठे खाडाखोड नाही. "हे गणितच ना, मावशी?" म्हणाली. गणित ठेवले, विज्ञानही ठेवले. पहिल्या खेपेला मराठी आणि गृहविज्ञान एवढेच द्यायचे ठरले आहे. दाखला आणायला मी गेले. कचेरीत विचारलेच, का सोडली म्हणून. "घरची अडचण" एवढे सांगितले आणि सही केली.

वायरमन दादा, आपण भावाचे लिहिले ते मी तिला वाचून दाखवले नाही. नुसते विचारले, "धाकट्याची काळजी वाटते का?" तर ती एवढी रडली की मला आधी काही सुचेना. दुसऱ्या दिवशी बहिणीशी बोलले. तिने सुपरवायझरला विनंती करून सकाळची पाळी कायम करून घेतली. धाकटा शाळेतून सुटला की ती येईपर्यंत शेजारच्या आजींकडे थांबतो, जेवणही तेथेच. शनिवारी तो आमच्याकडे येतो. पहिल्या शनिवारी आल्या आल्या त्याने दप्तरही खाली ठेवले नव्हते, तोच विचारले, "मावशी, तुझ्या घरात मागले दार कुठे आहे?" भाचीने त्याला हाताला धरून नेले आणि दाखवले. मग दोघे बराच वेळ तेथेच पायरीवर बसून होती.

भावोजींना त्यांच्या भावाने बांबोळीला नेले. अकरा दिवस राहिले, बरे होऊन घरी आले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा प्यायले. आता दुसऱ्यांदा जायचे म्हणतात. बहीण या खेपेला पहिल्यासारखी हरखलेली नाही. फोंड्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ती सभेला एकदा जाऊन आली. काय झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही, पण त्यानंतर "आधी त्यांची सुटू दे" हे वाक्य फोनवर आलेले नाही. भावोजी पुन्हा प्यायल्याचे मी भाचीला सांगितले, लपवले नाही. ती "बरे" म्हणाली. त्या दिवशी मात्र ती वाचनालयात गेली नाही, दिवसभर झोपून राहिली. मी उठवले नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून गेली.

सातला ती अजूनही थांबते. रोज नाही.

एक पान ती रोज लिहिते. साखळीच्या विठ्ठलाच्या देवळातून आणलेल्या अभंगांच्या वहीतून उतरवते. पहिल्या दिवशी तेवीस मिनिटे लागली होती, काल सोळा. गुरुजी, एक विनंती आहे. तिने गणिताचा पहिला गृहपाठ लिहून ठेवला आहे, परंतु तो बरोबर आहे की नाही हे माझ्या आवाक्यातले नाही, आणि मुक्त विद्यालयाच्या केंद्रावर पाठवण्याआधी तो कोणी पाहावा असे तिला वाटते. पुढच्या रविवारी डिचोलीला येऊ का? सकाळी दहाची वेळ आपल्याला चालेल का?